शनीचं चिकटवलेलं कडं

निपाणी, ६ जानेवारी २०२५

अमऱ्या, जय भीम.

फोन उचलत नाहीस, मेसेज पोचल्याची खूणही येत नाही, म्हणून शेवटी पोस्टात आले. पाकिटावरचं अक्षर बघून तू पत्र फाडशील असं आईला वाटतं. मी म्हटलं, फाडायलासुद्धा आधी हातात घ्यावं लागतं. तिकडे अरुणाचलच्या डोंगरात धरणाचं काँक्रीट ओतणाऱ्या माणसाला घरचं पाकीट मिळालं की तो ते फाडायच्या आधी निदान वास तरी घेईल. वखारीच्या गल्लीतून निघालंय, तंबाखूचा वास येईलच.

तुला वाटेल, ही आईची वकिली करायला बसली. बसलेच आहे. मे महिन्यात तू सुट्टीवर आलास, आईनं तुला जेवायला वाढून सांगितलं की ती मष्णूकाकांशी लग्न करणार आहे. तू ताट तसंच ठेवलंस आणि पहाटेच्या बसनं निघून गेलास. मी झोपेतून उठून दारात आले तर तुझी पाठ दिसली, तीही बॅगेनं झाकलेली. तू कुणावर रागावलास ते कळलं. पण तो माणूस कोण, कसा, हे तू ऐकूनच घेतलं नाहीस. म्हणून आता ऐक, उठून जायची सोय नाही.

आईनं नगरपालिकेच्या शाळेत उभा जन्म ग्रहमाला शिकवली. फळ्यावर खडूनं सूर्य, मग एकेक गोल, शनीला कडं. निवृत्तीनंतर एके दिवशी मला म्हणाली, "समता, मी पोरींना इतकी वर्षं शनी काढून दाखवला. मी स्वतः कवा बघितलाच न्हाय गं." मला हसू आलं आणि मग आलं नाही. आपल्या फोटो स्टुडिओत लग्नांसाठी घेतलेला लांब झूमचा कॅमेरा होता, तो तिपाईवर लावून गच्चीवर नेला. पण आपल्या गच्चीच्या बरोबर समोर रस्त्याचा दिवा. त्या उजेडात ग्रह सोड, माझा हातसुद्धा पांढरा फटक दिसे.

तुझी आई गप्प बसणारी आहे का? गेली पालिकेत, दिवाबत्तीच्या खोलीत, आणि म्हणाली आमच्या खांबावरचा दिवा संध्याकाळी थोडा वेळ बंद ठेवा. तिथले सगळे वायरमन एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. त्यात निवृत्तीला टेकलेले मष्णूकाका होते. ते मला अजून सांगतात, "दिवा लावा म्हणून शिव्या खाल्ल्या आयुष्यभर. बंद करा म्हणणारी पयलीच बाई बगितली. म्हटलं, कोण ही येडी, बघून तरी यावं." आले, शिडी लावली, वर चढले. दिवा बंद करणं नियमात बसत नाही म्हणाले, पण पत्रा कापून त्याला एका बाजूनं टोपी घातली. उजेड रस्त्यावर, अंधार आमच्या गच्चीवर. दुसऱ्या दिवशी टोपी नीट बसली का बघायला आले. तिसऱ्या दिवशीही आले. टोपीला रोज काय होतंय हे मी विचारलं नाही.

माझं लग्न राहिलं बाजूला आणि आईचं जमलं, हे मला पचायला तुझ्याइतकंच जड गेलं. फरक एवढाच, मी इथं होते. बाबा गेल्यापासून आई दिवेलागणीला दार लावून आत बसायची. आता दिवेलागणीला ती गच्चीवर धावते.

सध्या पश्चिमेला शुक्र आहे, एवढा तेज की शेजारच्या नागुबाईला ते विमान वाटतं. तुझ्याकडेही असणार. बघ एकदा.

तुझी आक्का

निपाणी, २१ जानेवारी २०२५

अमऱ्या,

उत्तर नाही. ठीक आहे, माझ्याकडे कागद पुष्कळ आहे.

या आठवड्यात शुक्र आणि शनी जवळजवळ आलेत. आईनं दोन दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं. शनी लवकर वखारीच्या पत्र्यामागे जातो म्हणून चहा घाईत, स्वयंपाक घाईत. मष्णूकाकांनी तिपाईखाली विटा लावल्या. मी फोकस केला, दहा सेकंदांचा टायमर लावला, कारण बटण दाबलं की हात हलतो आणि ग्रहाची अळी होते. आधी शुक्र टिपला. तो गोल नाही, अर्ध्या चंद्रासारखा आहे! मला माहीतच नव्हतं. आई म्हणाली, "पुस्तकात हाय की, तू सहावीत काय करत होतीस?" मग गुरू, वर डोक्यावर, त्याच्या शेजारी चार चंद्र ओळीत, नवरीच्या मागे करवल्या उभ्या असतात तसे. पूर्वेला मंगळ, जुन्या विटेच्या रंगाचा.

आणि मग शनी, आधी पावसाळा आणि मग लग्नसराईत कॅमेरा बाहेर म्हणून इतके दिवस राहून गेलेला. अमर, यंदा शनी आपल्याकडे कडेनं बघतोय. कडं जवळजवळ दिसतच नाही. पडद्यावर एक मणी, त्यातून सुई ओवलेली, बस. आईनं चष्मा पुसला, परत बघितलं. "हाच का?" एवढंच म्हणाली. फळ्यावरच्या त्या रुंद कड्याची वाट बघत बसलेली बाई, तिचं तोंड एवढंसं झालं. मला ते बघवलं नाही.

आता पुढचं सांगते, हसू नकोस. खाली स्टुडिओत गेले आणि शनीला कडं घातलं. इंटरनेटवरचं एक छान रुंद कडं उचललं, रंग जुळवला, कडा मऊ केल्या. आपल्या घराला हे काम नवं आहे का? कोरोनात कोगनोळीच्या राज्यसीमेच्या नाक्यावर एका नवरीची कागलकडची मामामंडळी अडकली होती, लग्न इकडे उरकलं, तेव्हा बाबांनी त्या सात जणांना एकेक करून गट-फोटोत उभं केलं होतं. एका मामाची सावली उलट्या बाजूला पडली ती कुणाला आजवर दिसली नाही. ज्यांना यायचं होतं आणि येता आलं नाही त्यांना फोटोत आणून उभं करणं म्हणजे आपला धंदाच. मी म्हटलं, शनीलाही कडं घालायचं होतंच की, यंदा जमलं नाही एवढंच.

सकाळी आईला छापून दिलं. तिला आनंद झाला रे. "रात्री चष्मा नीट पुसला नव्हता वाटतं," म्हणाली. फोटो पिशवीत घालून जुन्या शाळेत पोरींना दाखवायला घेऊन गेली. मी तिला फोटो दिला तेव्हा मष्णूकाका घरातच होते. माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "लई झकास." बास. तुला कळलं का, तो माणूस कसा आहे?

तू बरा आहेस ना? तिकडे थंडी असेल. कानाला बांधत जा.

तुझी आक्का

निपाणी, ६ फेब्रुवारी २०२५

अमर,

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण तुझ्या हातच्या. आईनं पाकीट आधी माझ्याकडून काढून घेतलं आणि मग न वाचताच परत दिलं, म्हणाली तू वाच. तू लिहिलंस, "त्या वायरमनला घरात घेताना बाबांचा फोटो कुठं हलवलात तेवढं कळवा." मी ते तिला वाचून दाखवलं नाही. "बरा आहे, काम चालू आहे" म्हणून सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही, पण मान हलवली.

मला तुझा राग आला. सरळ सांगते, खूप आला. पण तू विचारलंस तर उत्तर घे. बाबांचा फोटो आहे तिथंच आहे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या खाली, स्टुडिओच्या दाराकडे तोंड करून. ट्यूब हलवली. काचेवर तिची तिरीप पडून बाबांचे डोळे दिसत नव्हते. ते इतक्या वर्षांत तुझ्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही. मी तर फोटोचाच धंदा करते. मष्णूकाका पहिल्यांदा घरात आले, फोटोपुढे हात जोडले, वर बघितलं आणि म्हणाले, "भीमरत्न मास्तर दिसंनात की. शिडी हाय काय?" ते बाबांना ओळखत होते. पालिकेच्या समारंभाचे फोटो बाबाच काढायचे. बाबांना कुणी मास्तर म्हणत नव्हतं, पण काकांना हातात कॅमेरा असलेला प्रत्येक माणूस मास्तर वाटतो.

आता घरातली मोठी भानगड. आईला कड्याचं कळलं. परवा आभाळ स्वच्छ होतं, तिनं स्वतः कॅमेऱ्याला डोळा लावला, पडद्यावरचं चित्र मोठं केलं. तोच मणी, तीच सुई. मग फोटो आणून शेजारी धरला. मला म्हणाली, "पंधरा दिसांत कडं वाळलं काय?" तशीच काकांकडे वळली, "तुमास्नी ठाऊक हुतं?" काका म्हणाले, "व्हय बाई. तुमी लई खूश हुतासा, म्हणून बोललो न्हाय."

त्यानंतर तिनं आम्हा दोघांना उभं करून झापलं. तुझा सातवीतला निकाल आठवतोय ना, त्याच आवाजात. "खुशीत ठेवायला मी काय तान्हं पोर हाय? जे हाय ते मला दाखवा. सुईएवढं असंल तर सुईएवढं दाखवा." काका खाली मान घालून कबूल-कबूल म्हणत होते. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी ती परत शाळेत गेली, सहावीच्या वर्गात उभी राहिली आणि पोरींना म्हणाली, मागच्या वेळी दाखवलेला शनी खोटा होता, माझ्या मुलीनं लाडानं केला होता, हा बघा खरा. पोरींना खरा अजिबात आवडला नाही. एकीनं विचारलं, बाई, पुसला गेलाय काय? घरी येऊन हे सांगताना आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

तुझ्या चार ओळींत एकही प्रेमाचा शब्द नाही. तरी मी त्या जपून ठेवल्यात, गाढवा.

तुझी आक्का

निपाणी, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय अमर,

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे, कारण यात तारीख आहे.

रविवारी आम्ही जांबोटीला गेलो होतो, काकांच्या गावी. तिथं त्यांची थोरली बहीण जयाबाई असते. आईबाप लवकर गेले, तिनंच त्यांना वाढवलं. काकांची बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणजे विचारायचं माणूस एकच. बेळगावहून दुपारची बस, मग पायी. आई वाटभर पदर नीट करत होती. मला वाटलं होतं जात निघेल, वय निघेल. काही निघालं नाही. जयाबाईनं भाकरी वाढल्या, आईला नीट बघून घेतलं आणि संध्याकाळी अंगणात बसल्यावर एकच विचारलं, "तुमच्या पोराला चालतंय काय?"

समोर झाडांवर शुक्र होता. तिथं एवढा काळोख की त्याच्या उजेडात अंगणातली माती उजळल्यासारखी वाटत होती. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि पदर परत नीट केला.

परतीच्या बसमध्ये काका म्हणाले, "आपुण थांबूया बाई. पोरगा हूं म्हणंपातूर. मला घाई न्हाय." आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "त्याचा राग मला पटला असता तर थांबले असते. पटंना. पण त्यो आला पायजे असं वाटतंय, ते बी खरं हाय."

लग्नाच्या नोंदणीची नोटीस जानेवारीतच लावली होती. तुला लिहिलं नाही, कारण तू ती वाचून पत्रं वाचायचं बंद केलं असतंस. एक मार्चला शनिवारी सकाळी नोंदणी, मग विहारात वंदना, आणि संध्याकाळी गच्चीवर चहा. जयाबाई येणार आहे. गल्लीतल्या चार बायका. बस.

मी आईला म्हटलं, अमर नाही आला तरी गट-फोटोत येईल. तुझा निळ्या शर्टातला फोटो आहे माझ्याकडे, संध्याकाळच्या उजेडातला, सावलीसुद्धा बरोबर बाजूला आहे. कुणाला कळणार नाही असा आईच्या डाव्या हाताला उभा करीन. आईनं मला पुढचं बोलू दिलं नाही. "त्येला चिकटवायचा न्हाय. आला तर फोटोत येईल. न्हाय आला तर न्हाय." मग आत गेली आणि घासलेलीच भांडी परत घासायला काढली.

अमर, मी तुला विनवते आहे, मी कधी कुणाला विनवत नाही हे तुला ठाऊक आहे. तुला यायचं नसेल, रजा नसेल, बाबांची आठवण येत असेल. मलाही येते, रोज शटर उघडताना येते. आई बाबांना पुसून टाकत नाहीये. तिला अजून जगायचं आहे आणि ते ती चोरून करणार नाही, एवढंच आहे.

आणि अगदीच आला नाहीस तर एक कर. त्या दिवशी शुक्राच्या खाली चंद्राची अगदी बारीक कोर असणार आहे. तुमचा सूर्य आमच्यापेक्षा तासाभरानं तरी आधी बुडतो, म्हणजे तुला ते आधी दिसेल. बघ आणि मग ठरव आईशी बोलायचं की नाही. काकांचा नंबरही पाकिटाच्या मागे लिहिलाय.

वाट बघते.

तुझी आक्का

निपाणी, ३ मार्च २०२५

माझ्या अमऱ्या,

परवा काय झालं ते तुला ठाऊकच आहे. पण तुला फक्त तुझ्याकडची बाजू ठाऊक आहे, इकडची दिसली नाही. ती लिहिते.

सकाळपासून आई दारातल्या प्रत्येक रिक्षेकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. नोंदणीच्या कचेरीत सही करताना तिनं एकदा मागं वळून बघितलं. मागं फक्त नागुबाई होती, तिला वाटलं आपल्याला बोलावलं, ती पुढं आली. विहारात त्रिसरण-पंचशील झालं. आईनं पांढरी साडी नेसली होती, काकांनी नवा पांढरा शर्ट. घडी मोडलेली नव्हती, पाठीवर चौकोन दिसत होते.

गच्चीवर आलो तेव्हा ऊन होतं. चहा चालू होता. काकांचा फोन वाजला. अनोळखी नंबर, काकांना वाटलं कुणाची तरी लाईट गेली, अजून लोक त्यांनाच फोन करतात. "कोण बोलतंय? कुठला खांब?" म्हणाले. आणि मग, अमर, ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. सरळ, साहेब आल्यावर राहतात तसे. आईनं त्यांचा चेहरा बघितला आणि हातातली बशी खाली ठेवली.

तू काय म्हणालास ते मला नंतर कळलं. "मष्णूकाका, इथं चंद्राच्या वर एक दिसतोय. तोच काय?" काकांनी फोन आईपुढे धरला, तिनं मान हलवून नको म्हटलं. पण उठून आली आणि फोनच्या पाठीला कान लावून उभी राहिली. काका तुला सांगत होते, "त्योच असंल पोरा, पण हितं अजून ऊन हाय. आमास्नी काय बी दिसंना." तू म्हणालास, "मग थांबतो."

तू थांबलास रे. मला वाटलं दोन मिनिटं थांबेल. ऊन वखारीच्या पत्र्यावरून सरकत गेलं, जयाबाईचा दुसरा चहा झाला, तू थांबलेलाच. काकांनी विचारलं कुठून बोलतोस, तू म्हणालास डोंगर आडवा येतो म्हणून कॅम्पच्या पाण्याच्या टाकीवर चढलोय, रेंजही इथंच येते. मग तू ट्यूबचं विचारलंस. बाबांच्या फोटोसमोरची. काकांनी ती कुठून कुठं नेली, वायर कशी फिरवली, सगळं सविस्तर सांगितलं आणि तू ऐकून घेतलंस. नंतर काका नुसते "हं" म्हणायचे, पलीकडून तू "हं" म्हणायचास. मध्ये वाऱ्याचा आवाज यायचा.

मी कॅमेरा उचलला. एका फोनला दोन बाजूंनी लागलेली दोन पांढरी डोकी, दोघांचेही डोळे पश्चिमेला. तोच फोटो या पाकिटात घातलाय. त्याला मी हात लावलेला नाही, रंगसुद्धा जुळवला नाही. गट-फोटो नंतर काढला, त्यात नागुबाईचे डोळे मिटलेत. लग्नाचा फोटो म्हणून मी हाच मोठा करून लावणार आहे.

मग आईनं फोन घेतला. मे महिन्यापासून ती तुला काय काय सुनवायचं ते ठरवत होती, मी अर्धं ऐकलेलं आहे. त्यातलं एकही निघालं नाही. तिनं विचारलं, "अमर, टाकीला कठडा हाय काय?" तू नाही म्हणालास. "मग बूड टेकून बस," म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तू पण रडलास, नाही म्हणू नकोस, काकांना ऐकू आलं.

सूर्य बुडाला. शुक्र आधी आईलाच दिसला. तिनं बोट वर केलं. काकांनी फोन तिच्या हातातून अलगद घेतला आणि तुला म्हणाले, "आलाय, पोरा. बाईंना दिसला." तू म्हणालास, "मग ठेवतो आता." आईनं फोन परत ओढून घेतला.

"ठेव," म्हणाली. "अंधार झालाय तिकडं. सावकाश उतर."

उतरलास ना नीट? तिला कळव. मला नको, तिलाच कळव.

तुझी आक्का